रोझीचं वेत

आमच्या घरात थंडी आधी कुत्र्यांना वाजायची, मग माणसांना. डिसेंबर लागला की मुलुंडच्या डोंगराकडून पहाटेचा गार वारा सुटायचा आणि बाबा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायचे. त्या ट्रंकेत आमचे जुने स्वेटर होते. डॉबरमनच्या अंगावर केस म्हणावेत असे केस नसतात, नुसतं तेल लावल्यासारखं काळं चकचकीत कातडं. त्यामुळे एवढा धिप्पाड प्राणी, पण जरा गारठा पडला की थरथर कापायला लागतो. मुंबईची थंडी ती काय, असं आमचे परळ-लालबागचे नातेवाईक म्हणायचे. त्यांना म्हणावं, डोंगराच्या पायथ्याशी बैठ्या कौलारू घरात राहा आणि पहाटे पाचला हौदातल्या पाण्यात हात घालून बघा. रोझी माझा चौथीतला मरून रंगाचा शाळेचा स्वेटर घालून अंगणात हिंडायची. लूसीला बाबांचा राखाडी. टायगर हा एकुलता एक नर, त्याला आईची जुनी शाल पोटाखालून गुंडाळून सेफ्टी पिनांनी अडकवलेली असायची, आणि त्या अवतारातही तो फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर अशा रुबाबात भुंकायचा की पोस्टमन पत्रं कंपाउंडवरून आत फेकायचा. मला मात्र त्या वर्षी नवा स्वेटर नव्हता, कारण विणणारी आई घरात नव्हती.

आई कुडाळला गेली होती. आजीचा पाय मोडला म्हणून गणपतीनंतर महिनाभरासाठी ती गेली, धाकट्या मंगेशला बरोबर घेऊन. मी नववीत, शाळा बुडायला नको म्हणून मी मागे राहिले. महिन्याचे दोन झाले, दोनाचे चार. आजी दिवाळीलाच हिंडूफिरू लागली होती, हे मला मामाच्या पत्रातून कळलं होतं. ते पत्र बाबांनीही वाचलंच असणार, पण त्यावर त्यांनी चकार शब्द काढला नाही. जायच्या आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली होती, "या घरात सणवार काय ते कुत्र्यांक आसत, माणसांक नाय. तुमी तुमची कुत्री सांभाळा, मी माझ्या आवशीक सांभाळतंय." बाबा त्या वेळी टायगरचे कान कापसाने पुसत होते. ते "हूं" म्हणाले. एवढंच. मला वाटतं, ते दोन शब्द जास्त बोलले असते, अगदी भांडणाचे का होईना, तर आई संक्रांतीच्या आत परत आली असती.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे दिवसभर नटबोल्ट मोजायचे आणि संध्याकाळी घरी आले की त्यांचं खरं आयुष्य सुरू व्हायचं. कारखान्यातले एक साहेब मुंबई सोडून जाताना आपली डॉबरमन कुत्री बाबांच्या गळ्यात मारून गेले होते, तिथून हे वेड लागलं. मी कळती झाले तोवर आमच्या घराचं कुत्र्यांचं घर झालं होतं आणि त्यात आम्ही राहत होतो. सांताक्रूझ, घाटकोपर, कुठून कुठून लोक पिल्लांसाठी बाबांकडे येत. बाबा त्यांना शंभर प्रश्न विचारत. घरात दिवसा माणूस असतं का, गच्चीत बांधून तर ठेवणार नाही ना, मुलं लहान आहेत का. मुलीचं स्थळ बघायला आलेल्यांची कोणी एवढी उलटतपासणी घेत नसेल. आता आमच्या सोसायटीत कुत्र्यांना वाढदिवसाचे केक असतात, त्यांना न्हाऊमाखू घालायला गाडी दारात येते, आणि माझी सून म्हणते, "आई, तुमच्या बाबांना केवढं प्रेम होतं ना प्राण्यांचं!" मी मान हलवते. होतं खरं प्रेम. फक्त ते एवढं मोठं होतं की बाकी कशाला जागा उरत नव्हती.

पहाटे पाचला उठून बाबा मागच्या अंगणात भुशाची शेगडी भरायचे. शेगडीच्या मधोमध रिकामी बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद वर ओढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायची. ती शेगडी चार-पाच तास संथ जळत राहते. तिच्यावर मोठ्या जर्मनच्या पातेल्यात वजडी शिजायची, म्हणजे बकऱ्याच्या पोटाची आतडी वगैरे, त्यात तांदळाची कणी, हळद आणि सोललेल्या लसणाचा एक अख्खा गड्डा. वजडीचा वास एकदा घरात शिरला की निघत नाही. तो पडद्यात बसतो, उशीत बसतो, केसांत बसतो. मी शिकेकाईने न्हायचे, वेणीला खोबरेल चोपडायचे, तरी शाळेत बाकावर बसले की मागून कोणीतरी नाक ओढून हुंगायचं आणि हळूच म्हणायचं, "आली रे, विजू वजडी आली." नववीच्या वर्गात मी एका बाकावर एकटी बसत होते. बाईंनी दोनदा माझ्या शेजारी मुली बसवून बघितल्या. एक आजारी पडली आणि दुसरीची आई भेटायला आली. त्यानंतर बाईंनी नाद सोडला. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त लाज वाटायची, आणि सगळ्यात जास्त वाटायचं ते हे की कोणीतरी एकदा येऊन बघावं, आमची कुत्री किती गुणी आहेत ते. पण येणार कोण? फाटकाशी टायगर शाल पांघरून उभा.

शाळा सकाळची. पावणेएकला मी घरी यायचे, कुलूप काढायचे आणि संध्याकाळी सहापर्यंत त्या घरात मी आणि कुत्री. माझ्यासाठी बाबा सकाळी कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात करून झाकून ठेवायचे. भाजलेला सुका बांगडा असायचा. पानात वाढून घेतलं की समोर तिन्ही कुत्री ओळीने बसायची, नखं फरशीवर टकटक वाजवत, आणि मी त्यांना वर्गातल्या गोष्टी सांगायचे. बाईंची नक्कल करून दाखवायचे. रेडिओवर दुपारी कामगारांसाठी गाणी लागायची ती मोठ्याने लावायचे, कारण घर गप्प असलं की मला भीती वाटायची. बाबा आले की आधी कुत्र्यांशी बोलायचे. "काय गे बाय, जेवलंस काय? पाय बघूया." ते बाय म्हणजे रोझी. माझ्याकडे वळून ते विचारायचे, "लूसीने संडास नीट केली?" मी हो म्हणायचे. रात्री आम्ही समोरासमोर बसून जेवायचो आणि चावण्याचा आवाज ऐकायचो. आईच्या पत्राची गोष्ट मी काढली की ते म्हणत, "येईल." कधी, ते नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला रोझी व्याली. नऊ पिल्लं. नऊच्या नऊ जिवंत, एकसारखी, काळी कुळकुळीत, भुवयांवर दोन तांबूस ठिपके. बाबांनी एवढं मोठं आणि एवढं सरस वेत आजवर पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत त्यांनी लाकडी खोका ठेवला, त्यात गोणपाट आणि आईची जुनी लुगडी, वर वायरीला टांगलेला साठचा बल्ब, ऊब राहावी म्हणून. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर सैलसर बांधली. ती लोकर आईच्या विणकामाच्या पिशवीतली. लाल, निळा, हिरवा, आबोली, असं त्यांना रंगानेच ओळखायचं. नाव ठेवायचं नाही, नाव घेणाऱ्याने ठेवायचं. रोज संध्याकाळी वाण्याच्या तराजूसारख्या तराजूत बाबा एकेक पिल्लू तोलायचे आणि मी वहीत मांडायचे. तो अर्धा तास मला फार आवडायचा. त्या अर्ध्या तासात बाबा माझ्याशी बोलायचे. "लाल बघ कसा भरलाय. आबोली मागे पडतेय, तिला उद्या आधी पाजायची." ते हसायचेसुद्धा. एकदा म्हणाले, "विजू, तुझा हात हलका आहे. तू पुढे हे सगळं बघशील." मला त्या रात्री आनंदाने झोप लागेना. चौदा वर्षांत बाबांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक होतं.

पिल्लांच्या खोलीचा एक कायदा होता. वेत झालं की दोन महिने, डॉक्टरांचं इंजेक्शन होईपर्यंत, बाहेरच्या माणसाने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कोणीही असो. एकदा मामा कुडाळहून आला होता, त्यालाही बाबांनी व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं, आणि आई आठ दिवस बाबांशी बोलली नव्हती. आम्हीसुद्धा बाहेरून आलो की चपला फाटकाजवळ काढायच्या, हातपाय साबणाने धुवायचे, कपडे बदलायचे, मगच आत. आणि कुत्रं पाळणारं कोणी भेटलं तर पहिला प्रश्न, "तुमचं कुत्रं खातं-पितं ना नीट?" उत्तर जरा वाकडं आलं की बाबा दोन पावलं मागे सरायचे. कारण बाहेर कुठला तरी नवा आजार आलाय, पिल्लांना रक्ताची हगवण लागते आणि दोन दिवसांत खेळ आटोपतो, असं भांडुपच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. हे सगळं मला पाढ्यासारखं पाठ होतं. कोणी माझ्या बाजूने बोलायला लागलंच तर म्हणेल, तू लहान होतीस, तुला काय कळत होतं. मला सगळं कळत होतं.

जानेवारीत आमच्या वर्गात अलका आली. वडिलांची बदली झाली म्हणून मानखुर्दहून मुलुंडला आलेली. वर्गात एकच जागा मोकळी होती, माझ्या शेजारची. मी खिडकीकडे सरकून बसले, नेहमीसारखी. तिने दप्तर ठेवलं, माझ्याकडे वाकून हुंगलं आणि मी मनातून मेले. ती म्हणाली, "तुझ्याकडे कुत्रा आहे ना?" मी म्हटलं, "चार आहेत. म्हणजे तीन. आणि नऊ." ती एवढ्या मोठ्याने हसली की बाईंनी दोघींना उभं केलं. शाळेत शिक्षा म्हणून उभं राहण्यात एवढी मजा असते हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर आठ-दहा दिवस आम्ही एका डब्यातून जेवलो. तिच्या दादाने रस्त्यावरून एक पिल्लू उचलून आणलं होतं, त्याचं नाव तिने मोत्या ठेवलं होतं, आणि मोत्याच्या गोष्टी तिच्याकडे संपतच नव्हत्या. "मला दाखव ना गं तुझी पिल्लं," ती रोज म्हणायची. मी रोज काहीतरी कारण सांगायचे. मग एक दिवस ती म्हणाली, "जाऊ दे यार. तुला मी घरी नको असेन, तर सांग ना सरळ." आणि मधल्या सुट्टीत ती दुसऱ्या मुलींबरोबर नळावर गेली. मी डबा तसाच बंद केला. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "शनिवारी ये. शाळा सुटली की."

शनिवारी शाळेला ती आलीच नव्हती, त्यामुळे मी हिरमुसून घरी आले. पण दीडच्या सुमाराला फाटकाची कडी वाजली. टायगरने घर डोक्यावर घेतलं. मी त्याला आणि लूसीला मागच्या पिंजऱ्यात घातलं आणि धावत गेले. अलका उभी होती, हातात संक्रांतीच्या तिळगुळाचा छोटा डबा. मी चपला काढायला सांगितल्या, हातपाय धुवायला घेऊन गेले. हौदाशी उभी राहून ती म्हणाली, "आईने आज शाळेला पाठवलंच नाही गं. रात्रभर जागी होते. मोत्या सारखा ओकतोय. सकाळपासून नुसता पडून आहे. मी मांडीवर घेऊन बसले होते." आणि तिने त्याच फ्रॉकला हात पुसले.

मी ते ऐकलं. अगदी नीट ऐकलं. बाबांचा प्रश्न मला विचारावाही लागला नव्हता, उत्तर आपण होऊन समोर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, आज नको, मोत्या बरा झाला की ये. ती समजूतदार होती, तिला पटलंही असतं. पण मला वाटलं, ती नळावर गेली तशी जाईल. माझ्या घरी चार महिन्यांत माणूस आलं नव्हतं. आणि ती तर तिळगूळ घेऊन आली होती. मी म्हटलं, "चल, आत चल."

तो एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होती, दुडूदुडू पळत होती. अलका खोक्यातच जाऊन बसली. नऊच्या नऊ तिच्या अंगावर चढली, कोणी वेणी ओढतंय, कोणी फ्रॉकची नाडी. ती हसत होती, मी हसत होते, आणि रोझी माझा जुना स्वेटर घालून दारात बसून आमच्याकडे बघत होती. अलकाने आबोलीला गालाशी धरून मुका घेतला. आम्ही चहात खारी बुडवून खाल्ली. तिने तिळगूळ दिला आणि म्हणाली, "गोड बोल हं, वजडी." तिलाही ते नाव कळलं होतं तर! पण तिच्या तोंडून ते मला मुळीच लागलं नाही. ती गेल्यावर मी खोली फिनाईलने पुसून काढली, लुगडी बदलली आणि बाबांना काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी वजन करताना ते म्हणाले, "आज फिनाईलचा वास लई येतोय." मी म्हटलं, "घाण झाली होती."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, घाटकोपरच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा निरोप आला म्हणून बाबा त्यांचा डॉबरमन बघायला गेले. तो दोन दिवस जेवत नव्हता. बाबा परतले तेव्हा चार वाजून गेले होते आणि पिल्लांचं चारचं खाणं मी विसरले होते, कारण मी पडवीत बसून अलकाला चिठ्ठी लिहीत होते. आतून पिल्लांचं केकाटणं ऐकून बाबा माझ्यावर ओरडत तसेच बुटांसकट खोलीत शिरले. मग एकदम थबकले. पायाकडे बघितलं आणि मुकाट्याने बाहेर आले. पिल्लांनी तेवढ्यात त्यांचे बूट चाटून घेतले होते.

गुरुवारी आबोलीने नाचणीचं सत्त्व ओकून टाकलं. शुक्रवारी सकाळी लाल आणि निळा उठले नाहीत. दुपारपर्यंत खोक्यातल्या लुगड्यांवर रक्ताचे डाग, आणि असा वास की वजडीचा वास बरा म्हणावा. भांडुपचे डॉक्टर स्कूटरवरून आले, बघितलं, आणि बाहेर हौदाशी हात धुताना बाबांना म्हणाले, "तोच आहे. पाणी पाजत राहा, कातडीखाली सलाईन देऊ. बाकी काय सांगू?" मग म्हणाले, "कुठून आला असेल?" बाबांनी फाटकाजवळ काढलेल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "माझ्या बुटांनी. मी रविवारी घाटकोपरला गेलो होतो." मी दोन पावलांवर ड्रॉपर धरून उभी होते. मीठ-साखरेचं पाणी भरलेला ड्रॉपर. त्या क्षणी बोलले असते तर गोष्ट तिथे संपली असती. एक मार बसला असता, फार तर आठ दिवस अबोला. पण मला दिसत होतं ते एवढंच, की हे कळलं तर ते पुन्हा माझ्याकडे वळून "तुझा हात हलका आहे" असं कधी म्हणणार नाहीत. मी मूग गिळून बसले.

तीन दिवसांत सात पिल्लं गेली. बाबांनी कामावर खाडा केला. सकाळी उजाडलं की ते मागे पेरूच्या झाडाजवळ खड्डा खणायचे, आणि मी वहीत त्या त्या रंगासमोर रेघ मारायचे. रोझी रिकाम्या होत जाणाऱ्या खोक्यात तोंड घालून हुंगायची, मग माझ्याकडे बघायची. कुत्रं माणसाला दोष देत नाही म्हणतात. मला तर वाटत होतं, या घरात खरं काय ते फक्त तिलाच माहीत आहे. हिरवा आणि पिवळा तेवढे वाचले.

सोमवारी अलका फाटकाशी आली. रडून डोळे सुजले होते. "मोत्या गेला गं," ती म्हणाली. तिला दुसरीकडे कुठे जावंसं वाटलं नाही, ती माझ्याकडे आली होती. बाबा आत होते. ते बाहेर आले असते, तिने मोत्याचं सांगितलं असतं, आणि सगळं उघडं पडलं असतं. मी फाटक उघडलंच नाही. मी म्हणाले, "इकडे परत येऊ नकोस. तुझ्या अंगाला वास येतो." हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. ती वळून निघून गेली. मंगळवारपासून वर्गात ती पुढच्या बाकावर बसायला लागली. आमच्यात पुन्हा एक शब्द झाला नाही.

पुढच्या आठवड्यात घाटकोपरचे ते गृहस्थ आले. बाबा कामावर होते. हसतमुखाने म्हणाले, "बाबांना सांग, आमचा कुत्रा ठणठणीत आहे. मोजा गिळला होता लेकाने, पडला बाहेर." आणि पेढ्यांचा पुडा दिला. मी दार लावलं आणि पेढे टायगरला घातले. बाबांना सांगितलं नाही. कारण ते सांगितलं असतं तर बाबांनी विचारलं असतं, मग आजार आला कुठून? पहिल्या चुकीला मी आजही माफ करू शकते. तेव्हा मला माणूस हवं होतं, त्यात काय पाप? पण या दुसऱ्या गप्प बसण्याला माझ्याकडे सबब नाही.

फेब्रुवारी संपायच्या आत बाबांनी कुत्री देऊन टाकली. टायगर आणि लूसी चिंचवडला कोणाच्या तरी बंगल्यावर, दोन पिल्लं एका डॉक्टरीणबाईंकडे, रोझी सगळ्यात शेवटी. शंभर प्रश्न विचारणाऱ्या बाबांनी रोझीला न्यायला आलेल्या माणसाला एकही प्रश्न विचारला नाही. मग त्यांनी घर चुन्याने पांढरं केलं, खोका फोडून जाळला आणि आईला पत्र लिहिलं. शिमग्याच्या आधी आई आली, मंगेश आला. परळची माणसं पुरणपोळ्या खायला आली. पडद्यांना नवा वास आला. माझ्या शेजारी बाकावर मुली बसू लागल्या. वर्षभर ज्याच्यासाठी मी झुरले ते सगळं मला मिळालं, सात पिल्लं आणि बाबा देऊन. बाबा घरात होते, वेळेवर येत होते, आईशी बोलतही होते. पण रस्त्यात कुत्रं दिसलं की ते पलीकडच्या बाजूला जायचे. कोणाच्या कुत्र्याच्या डोक्यावरून त्यांनी पुन्हा हात फिरवलेला मी पाहिला नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे बोरिवलीला राहायला आले. ऐंशी उलटली होती, गुडघे गेले होते, डोकं मात्र साफ. गेल्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. शेजारची मुलगी तिचं नवं पिल्लू दाखवायला घेऊन आली, "आजोबा, घ्या ना" म्हणून त्यांच्या पलंगावर ठेवायला लागली. बाबांनी दोन्ही हात पांघरुणात लपवले. "नको, बाळा," ते म्हणाले. "माझ्या हाताला यश नाही. ने त्याला." मुलगी गेली आणि मी त्यांच्याजवळ बसले. चाळीस वर्षं जे गिळलं होतं ते सगळं सांगून टाकलं. अलका, मोत्या, हौद, खारी, घाटकोपरच्या माणसाचा मोजा आणि पेढे. सांगताना मी रडत होते. मला वाटलं होतं, ते चिडतील. निदान विचारतील, तेव्हाच का नाही बोललीस. त्याची माझी तयारी होती, मला ते हवंच होतं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं, लहान मुलीला समजावल्यासारखं. "कित्याक थापा मारतंस गो?" ते म्हणाले. "म्हाताऱ्याक बरा वाटूचा म्हणून?"

"थापा नाहीत, बाबा. खरंच आली होती ती. शनिवारी."

"गप रव," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अशी काही माया होती की मला पुढे बोलवेना. "तेवा तुज्याकडे कोण येत होता? कोणच नाय. माका ठाव नाय? माझा चेडू दिवसभर एकटा कुत्र्यांशी बोलत बसायचा, ता माका दिसत नव्हता?"

आपली मुलगी एकटी आहे हे त्यांना दिसत होतं तर. सगळं दिसत होतं. मी त्यांच्या पांघरुणाची घडी सारखी केली आणि चहा टाकायला उठले. त्यानंतर दहा महिन्यांनी बाबा गेले, आपल्याच बुटांनी नऊ पिल्लांच्या घरात मरण आणलं असं समजून. अलका कुठे आहे मला माहीत नाही, आणि तिला ती दुपार आठवतही नसेल. त्या हिवाळ्यात माझ्या घरी एक मुलगी आली होती, यावर विश्वास ठेवणारं माझ्याशिवाय आता कोणी नाही.